ॲक्टिव्हेशनमीमांसा

प्रस्तुत निबंधाचा विषय विद्यापीठातील संगणकांवर परवान्याचे सॉफ्टवेअर बसवणे आणि बसवून झाल्यावर ते चालू व्हावे म्हणून त्याची मनधरणी करणे, हा आहे. शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. विषय सांगितला. प्रयोजन असे की, एम. ए.च्या दुसऱ्या सत्रातल्या मुलांना प्रश्नावलीतल्या उत्तरांची सरासरी काढायची आहे. संबंधाबद्दल बोलायचे तर, सरासरी काढणे आणि पुढे वर्णिलेला खटाटोप यांचा एकमेकांशी कसलाही संबंध नाही. अधिकाऱ्याचा प्रश्न नाजूक असल्याने त्याचा विचार शेवटाकडे करू.

‘इन्स्टॉल झालं’ असे म्हणणारा माणूस काम संपल्याच्या आनंदात असतो. शास्त्रदृष्ट्या काम तिथून सुरू होते. बसलेले पण ॲक्टिव्हेट न झालेले सॉफ्टवेअर ही एक स्वतंत्र अवस्था आहे. विंडोजच्या बाबतीत ती पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात फिकट अक्षरांत प्रकट होते : विंडोज ॲक्टिव्हेट करा, त्यासाठी सेटिंग्जमध्ये जा. टेबलावरच्या पडद्यावर ही ओळ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. प्रोजेक्टर लावला की तीच भिंतीवर हातभर लांब होते, आणि नॅकची समिती समोर बसलेली असताना विभागाच्या ‘अत्याधुनिक सुविधा’ या स्लाइडच्या बरोबर खाली येते. अशा वेळी सादरीकरण करणारे प्राध्यापक उजव्या कोपऱ्यापाशी उभे राहून बोलतात, असे निरीक्षण आहे.

आता कीचा वर्णविचार. विंडोजची की पंचवीस वर्णांची असते, पाच-पाचांचे पाच गट. ज्या मूळ वर्णमालेतून हे वर्ण निवडत, तिच्यात फक्त २४ चिन्हे होती : १७ अक्षरे आणि ७ अंक. स्वर एकही नाही. शून्य, एक आणि पाच नाहीत. एल, एन, एस आणि झेड नाहीत. शून्य आणि ओ यांची गल्लत होऊ नये हे उघड आहे. स्वर मुळातच वगळले की पंचवीस वर्णांतून चुकून एखादा शब्द, आणि दैव फिरले तर एखादी शिवी, तयार होण्याचाही धोका टळतो, असा आमचा तर्क आहे. इतकी काळजी घेणाऱ्याने बी आणि आठ मात्र दोन्ही ठेवले. सीडीच्या खोक्यावरच्या बारीक स्टिकरवर, ट्यूबलाइटच्या उजेडात, बी कुठला आणि आठ कुठला हे ओळखण्यात चाळिशी ओलांडलेल्या विभागप्रमुखांची दुपार जाते. फोनवरून की सांगायची वेळ आली तर प्रकरण आणखी चिघळते. ‘बी फॉर बॉम्बे, पी फॉर पुणे’ इथपर्यंत ठीक चालते. मग ‘डब्ल्यू फॉर वर्धा’ येते, पलीकडचा माणूस मराठी कानाने वर्धा ऐकतो आणि निःशंकपणे व्ही लिहितो. की चुकीची आहे, असे यंत्र सांगते. कुठे चुकली, हे ते कधीच सांगत नाही.

जुन्या काळी एवढा संशय नव्हता. विंडोज ९५ च्या सीडीची की म्हणजे आधी तीन अंक, मग आडवी रेघ, मग सात अंक. आणि त्या सात अंकांच्या बेरजेला सातने पूर्ण भाग गेला की यंत्र समाधान पावे. सातही जागी एक लिहिला तरी बेरीज सातच होते, हे शाळकरी पोरांच्याही ध्यानात आले होते. वास्तविक अविश्वासाचे बीज त्याच्याही आधी पडले होते. ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेच्या जाहीर पत्रात बिल गेट्स यांनी अल्टेअरवरचे बेसिक वापरणारे बहुतेक हौशी लोक ते विकत न घेताच वापरतात, अशी तक्रार केली. ती तक्रार कोडात उतरायला पंचवीस वर्षे लागली. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि सर्वसामान्य ग्राहकाला पैसे मोजून घेतलेल्या वस्तूसाठी पुन्हा परवानगी मागावी लागू लागली. मधल्या काळात आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना मात्र हा प्रकार नवा नव्हता. मराठी मजकूर जुळवण्याची श्रीलिपी ‘लॉक’सह येई, आणि अंगठ्याएवढा तो तुकडा प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय अक्षर उमटत नसे. लॉक हरवणे म्हणजे काय, हे ज्याला दिवाळी अंकाच्या आदल्या आठवड्यात कळले आहे त्याला पुढचे विवेचन लवकर समजेल.

विद्यापीठे एकेक की टाकत बसत नाहीत. त्यांच्यासाठी केएमएस नावाची व्यवस्था आहे. आवारात एक सर्व्हर ठेवायचा, आणि बाकीच्या संगणकांनी नेटवर्कवरून १६८८ या पोर्टावर त्याच्याकडे जाऊन अर्ज करायचा. (हा आकडा पाहून संभाजीराजांच्या कारकिर्दीचा संबंध जोडण्याचा मोह इतिहास विभागाने आवरावा.) या सर्व्हरचा स्वभाव विद्यापीठीय प्रशासनाच्या अभ्यासकाला तत्काळ ओळखू येईल, कारण तो गणपूर्तीशिवाय काम करत नाही. किमान २५ वेगवेगळ्या संगणकांनी अर्ज केल्याखेरीज तो एकाही संगणकाची विंडोज ॲक्टिव्हेट करत नाही. ऑफिससाठी गणपूर्ती पाचांची आहे. वीस संगणकांची लॅब असलेल्या विभागाने स्वतंत्र सर्व्हर थाटला तर तो आमरण तहकूब राहतो. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच जागी गणपूर्तीशिवाय घेण्याची जी सोय आपल्या पूर्वसूरींनी करून ठेवली आहे, ती या सर्व्हरच्या कर्त्यांना सुचली नाही.

यावर कुणी म्हणेल, आमच्या लॅबमध्ये चाळीस संगणक आहेत, तरी अडते का? अडते. कारण त्या चाळीसांवर वेगवेगळे इन्स्टॉलेशन करायचा कंटाळा येऊन एका संगणकाच्या डिस्कची नक्कल उरलेल्या एकोणचाळीसांवर उतरवलेली असते. नक्कल करण्यापूर्वी जी साफसफाई करायची ती राहिली की चाळीसही संगणक सर्व्हरला आपली एकच ओळख सांगतात आणि त्याची मोजणी एकवर अडून बसते. वर्गात एक मुलगा चौघांची हजेरी लावतो. इथे चाळीस जण हजर असून हजेरी एकाची लागते.

गणपूर्ती झाली तरी मिळालेली सक्रियता १८० दिवसांची. संगणक दर सात दिवसांनी ती वाढवून घेण्याचा प्रयत्न आपणहून करत असतो, आणि आवारात असला की हे कुणाला कळतही नाही. अभ्यासरजेवर लॅपटॉप घेऊन गावी गेलेल्या प्राध्यापकांना मात्र सहा महिन्यांनी कोपऱ्यातली फिकट ओळ दिसू लागते. रजेतही त्यांना मातृसंस्थेची आठवण करून देणारी ही एकमेव यंत्रणा म्हणायला हरकत नाही.

येथवर यंत्राचा अविश्वास झाला. आता संस्थेचा अविश्वास, आणि हे प्रकरण अधिक खोल आहे.

सरकारी पैशाने घेतलेली टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढवावी लागते. जडसंग्रह या नावातच अपेक्षा स्पष्ट आहे : वस्तू जड असावी. नोंदवहीत रकाने असतात ते वस्तूचे वर्णन, नग, दर, ठेवण्याचे ठिकाण. पूर्वी सॉफ्टवेअर पुठ्ठ्याच्या खोक्यात येई, खोक्यात सीडी असे, आणि खोके कपाटात ठेवता येई. ‘सॉफ्टवेअर, नग १, कपाट क्र. ३’. कुणालाच अडचण नव्हती. हल्ली येतो तो ईमेल. भांडार विभागातला संवाद साधारण असा होतो :

‘सर, माल आला का?’

‘आला ना, भाऊसाहेब. कालच.’

‘मग आणला का नाही? दाखवल्याशिवाय बिल पुढे कसं सरकवू?’

‘माल ईमेलवर आलाय.’

‘बरं. त्या ईमेलचं ठिकाण काय टाकू?’

भाऊसाहेबांचा प्रश्न विनोदाचा नाही. वस्तू कुठे आहे, या प्रश्नाला तत्त्वज्ञान विभागानेही अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही. व्यवहारात तोडगा निघतो तो असा : ईमेलची प्रिंट काढायची, तिच्यावर ‘माल सुस्थितीत व मागणीनुसार मिळाला’ असा शेरा मारून सही-शिक्का करायचा, आणि ती प्रिंट फाइलला लावायची. पंचवीस वर्णांची गुप्त की त्या प्रिंटवर ठळक छापलेली असते आणि फाइल सहा टेबलांवरून जाते, याकडे कुणी लक्ष देत नाही. आणि खरे सांगायचे तर सहाही टेबलांवरच्या मंडळींना ती चोरण्यात रस नसतो.

खरेदी मार्चमध्ये होते, कारण तरतूद ३१ मार्चला मरते. वार्षिक परवान्याची मुदत पुरवठादाराने की दिली त्या दिवसापासून चालू होते. बिलाला मात्र आक्षेप निघतो, खुलासा जातो, पुन्हा आक्षेप निघतो. आणि बिल मंजूर होईपर्यंत की वापरू नये, असा लेखाशाखेचा दंडक. जूनमध्ये मुले येतात तेव्हा परवान्याचे तीन महिने कुणीही संगणकाला हात न लावता उपभोगून झालेले असतात. वर्ष संपले की परवाना हवेत विरतो, नोंदवहीतली ओळ मात्र राहते. ती कमी करायची तर निर्लेखन समितीने वस्तूची प्रत्यक्ष पाहणी करून ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे प्रमाणित केले पाहिजे. संपलेला परवाना मोडका कसा दाखवावा, हा प्रश्न प्रलंबित आहे. तोवर नोंदवहीत परवाने जमा होत राहतात, आणि कागदावर पाहिले तर आपली काही विद्यापीठे सॉफ्टवेअरच्या बाबतीत गर्भश्रीमंत आहेत.

पूर्वपक्ष असा मांडला जातो : हे सगळे कशाला? सरासरीच काढायची तर आर आहे. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी सुरू केलेल्या या भाषेची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली, ती फुकट आहे आणि तिला की लागत नाही. एसपीएसएसची सवय असणाऱ्यांसाठी पीएसपीपी आहे. तिने नावातसुद्धा एस आणि पी यांची अदलाबदल करून घेतली आहे. मॅटलॅबऐवजी सायलॅब वापरा म्हणून मुंबईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प कधीपासून सांगतो आहे.

पूर्वपक्ष बिनतोड आहे, म्हणूनच तो टिकत नाही. एकतर १९६८ साली स्टॅनफर्डात जन्मलेल्या एसपीएसएसचे तक्ते पाहिल्याशिवाय प्रबंध प्रबंधासारखा दिसत नाही, अशी अनेक मार्गदर्शकांची श्रद्धा आहे, आणि मार्गदर्शकाच्या श्रद्धेशी शोधच्छात्राने वाद घालू नये. दुसरे आणि निर्णायक कारण लेखाशाखेचे आहे. फुकट वस्तू विकत घेता येत नाही. तिची तीन दरपत्रके मागवता येत नाहीत. तिन्ही शून्याची आली तर सर्वांत कमी दर कोणाचा? तरतूद अखर्चित राहते, आणि अखर्चित तरतूद पुढच्या वर्षी कापली जाते. फुकट सॉफ्टवेअर संस्थेला अशा रीतीने फार महागात पडते.

आता अधिकारी. ॲक्टिव्हेशनचा खरा अधिकारी कोण? परवाना संस्थेच्या नावाने असतो, पण संस्थेला माउस धरता येत नाही. पुरवठादाराकडे नोंदलेला पत्ता विभागप्रमुखांचा असतो. ते पद पाळीपाळीने फिरते, आणि परवान्याचा ईमेल तीन प्रमुखांपूर्वीच्या, आता निवृत्त होऊन नातवंडांत रमलेल्या सरांच्या खासगी खात्यात जातो. त्यांना फोन केला की ते आधी विभागाची खुशाली विचारतात, मग पासवर्ड आठवत नसल्याचे सांगतात. उरतो लॅब असिस्टंट. कुठली की कुठे चालते, कुठल्या संगणकाची ओळख बदलायची राहिली, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस किती वेळ बंद ठेवायचा, ही सारी विद्या त्याच्यापाशी, एका दुरेघी वहीत. तो अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असतो. सॉफ्टवेअरला निदान बारा महिने मिळतात. त्याची मुदत संपते, एक दिवसाचा खंड पडतो, मग नवी ऑर्डर निघते किंवा निघत नाही. आणि ती दर सात दिवसांनी आपणहून वाढवून घेण्याची सोय त्याच्यात बसवलेली नाही. खंडाच्या त्या दिवशी विभागात काहीही बंद पडले तर कायद्याने तो तिथे नसतो. प्रत्यक्षात असतो.

शेवटचा वाद यंत्राच्या अस्तित्वाचा आहे. अभियांत्रिकीकडची महाग सॉफ्टवेअरे एका परवाना-फाइलवर चालतात. ती नोटपॅडमध्ये उघडून पाहता येते : पहिल्या ओळीत सर्व्हर हा शब्द, मग यंत्राचे नाव, मग त्याच्या नेटवर्क कार्डाचा बारा चिन्हांचा क्रमांक, मग पोर्ट, बहुधा २७०००, खाली अगम्य अक्षरांची लांबलचक मोहोर. परवाना माणसाला नव्हे, त्या कार्डाला दिलेला असतो. कार्ड बदलले तर सगळ्या लॅबा थांबतात. त्यामुळे बाकीचे संगणक बदलले तरी कोपऱ्यातले ते जुने धूड हलवत नाहीत. त्याचे वय झाले म्हणून निर्लेखन समितीने ते रीतसर निकालात काढलेले असते आणि नोंदवहीत लाल शाईने कमी केलेले असते. भंगारवाला आला तेव्हा मात्र ते सापडले नाही, कारण त्यावर टेबलक्लॉथ घातला होता.

तेव्हा कागदावर नसलेल्या यंत्राला दिलेला परवाना वैध की अवैध? लेखापाल-संप्रदायाचे मत असे की, यंत्रच नाही तर परवानाही नाही, आणि त्यावर झालेली सर्व संशोधने तपासावी लागतील. तंत्र-संप्रदाय म्हणतो, परवाना चालतो आहे त्या अर्थी यंत्र आहे, धूर आहे त्या अर्थी अग्नी असावा तसे. दोन्ही पक्ष ऐकून घेऊन आम्ही टेबलक्लॉथ किंचित उचलायला गेलो, तेव्हा लॅब असिस्टंट वहीतून मान वर न करता म्हणाला, ‘सर, हात लावू नका.’