गॅदरिंगचे मामा

कर्नाटकातल्या भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, कुठल्याही तालुक्याला जा, एक मामा सापडतातच. पेशानं शाळामास्तर, नाहीतर सोसायटीत सेक्रेटरी. पण गावात ओळख ‘नकला करनारे मामा’ हीच. लग्नात बँड रुसला, गणपतीपुढचा ऑर्केस्ट्रा उदगीरलाच अडकला, की कुणीतरी ओरडतं, “मामाला बोलवा की!” मामा ‘नको नको’ म्हणतात खरे, पण माइकची उंची स्वतःच्या हातानं कमी करता करता म्हणतात.

कारकिर्दीचा आरंभ शाळेच्या गॅदरिंगात, हेडमास्तरांच्या नकलेनं. मग आळंदच्या मामांना टीव्ही भेटला. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले, त्यांत गुलबर्गा जिल्हाही होता. बंगळूरला दूरदर्शन केंद्र आलं १९८१ साली. “तुमच्या आधी आमच्याकडं टीवी!” हे बंगळूरच्या माणसाला ऐकवल्याशिवाय मामा त्याला चहा पाजत नाहीत. शेतीची माहिती सांगणाऱ्या त्या पेटीतल्या माणसाची नक्कल त्यांनी दुसऱ्याच दिवशी वर्गात केली. मधेच चित्र थरथरायचं, तेही मानेनं करून दाखवलं.

पुढे लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ कानावर पडलं आणि मामा बिघडले. औरंगाबादचा हा प्राध्यापक एकटा ५२ पात्रं उभी करायचा. मामा ९ करतात. उरलेल्या ४३ जणांचं विमान चुकलं, असं प्रयोगाआधीच जाहीर करून टाकतात.

लंडनवरून आठवलं. रॉनी बार्कर हा तिकडचा बडा विनोदी नट टीव्हीसाठी प्रहसनंही लिहायचा, पण जेराल्ड वायली या खोट्या नावानं पाठवायचा. नटाकडं बघून नको, लिखाण पटलं तर घ्या, असा बाणा. बरोबरच्यांनाही बराच काळ पत्ता नव्हता. मामांचं नेमकं उलटं. विनोद पु. लं.चा, नाव मामांचं. हटकलं तर म्हणतात, “भाई बेळगावच्या कॉलेजात शिकवायचे. म्हंजे आपल्याच स्टेटातले की!” तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि भालकी हैदराबाद राज्यात, हे त्यांना सांगायचं कुणी?

पण मामांचा घरचा माल पाहायचा तर येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, त्यांच्या शेतात जावं. कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, भज्जी आणि आंबील पोटात गेलेली, माणसं बांधाला टेकलेली. हात धुवून मामा उठतात आणि बिदरची बस सुरू होते. स्टेज नाही, माइक नाही. खांद्यावरचा टॉवेल एकदा कंडक्टरची पिशवी, एकदा म्हातारीचा पदर.

“टिकेट तगोळ्री, टिकेट!”

“माझ्या लेकानं काढलंय की रं बाबा.”

“येल्ली इद्दान मगा?”

“त्यो मागच्या गाडीत हाय!”

तेवढ्यात चिल्लरीसाठी अडून बसलेला व्यापारी : “कंडक्टरसाब, अम्मा कू छोडो, पैले मेरे दस रुपय देओ!”

कन्नडवाले आधी हसतात, मराठीवाले पाठोपाठ, आणि सगळ्यांत उशिरा हसणाऱ्या जावयाला सगळे मिळून हसतात. हा जावई बहुधा पुण्याचा. मला विचाराल तर त्या ९ पात्रांपेक्षा ही ३ शंभरपट सरस आहेत. मामांना मात्र ते पटत नाही. त्यांच्या मते बस ही घरगुती, ‘वऱ्हाड’ म्हणजे कला.

तरी टीव्हीवर निवड व्हायची म्हणून पुण्याला गेले ते बसच घेऊन. तिथल्या पोरगेल्या दिग्दर्शकानं ऐकून घेतलं. “काका, तुमचा ठसका छान आहे. फक्त कन्नड काढा.” मामांनी कंडक्टर काढला. मग म्हातारीला तिकीट मागणारंच कुणी उरलं नाही; ती बिदरपर्यंत गुपचूप बसून गेली. पुढच्या साली एका कन्नड वाहिनीनं बोलावलं. तिथं म्हातारीला खाली उतरवायला सांगितलं.

येत्या येळवसेला मामा नवी बस दाखवणार आहेत म्हणे. तिच्यात कंडक्टर नाही, म्हातारी नाही. नुसता व्यापारी, रिकाम्या गाडीत, दहा रुपये मागत.