मौनाची सनद

बिनतारी यंत्रांच्या संभाषणात परस्परांचा व्यत्यय येऊ नये, यास्तव प्रत्येकाने आधी कान द्यावा, दुसरा बोलत असल्यास क्षणभर थांबावे आणि मगच तोंड उघडावे, या धर्तीच्या रीतींना २० वर्षांचे पेटंट मिळू शकते, हे वाचून आमचा ऊर भरून आला. १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानास वर्ज्य मानते. सबब, हे तर आमच्या वाडवडिलांचेच शहाणपण, अशी रीतसर हरकत गुदरण्याच्या इराद्याने, पुरावा गोळा करण्यासाठी, भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या एका ग्रामसभेत, निवलेला चहा हाती धरून, आम्ही तीन तास बसलो.

नळयोजनेच्या विषयावर एकाच वेळी अकरा जण बोलत होते.

हरकत मागे घेतली आहे. शोध निःसंशय नवा आहे.