मोज्याचा कावळा

हल्ली बालवाडीच्या भिंतीवर फळं, फुलं आणि पाळीव प्राणी यांच्या शेजारी भावनांचाही तक्ता असतो. चार गोल चेहरे: आनंद, दुःख, राग, भीती. सकाळी दप्तर ठेवलं की मुलानं त्यातल्या एकावर बोट ठेवून आज कसं वाटतंय ते सांगायचं. ऑफिसात शिरताना मोठ्यांना असं कुणी विचारलं तर दुपारपर्यंत युनियनकडे तक्रार जाईल. मुलं मात्र मुकाट्यानं बोट ठेवतात, आणि बहुधा आनंदावरच. तो पहिला असतो आणि त्यावर बोट ठेवलं की बाई पुढे काही विचारत नाहीत.

आमच्या सोसायटीत शनिवारी संध्याकाळी मी चार ते सहा वर्षांच्या पोरांना घेऊन कात्री-कागदाचा उद्योग करते. तिथे आम्ही कागदी डिशवर असाच तक्ता केला, मध्ये टाचणीवर फिरता काटा. एका मुलीनं तो निरखून पाहिला आणि विचारलं, “भुकेचा चेहरा कुठाय?” शेजारच्या सहा वर्षांच्या दादानं तिला सांगितलं, की भूक म्हणजे भावना नव्हे. तिनं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तीही डिशवर नव्हती.

मला भरतमुनींची आठवण झाली. नाट्यशास्त्रात स्थायी भाव ८ आहेत आणि त्यांच्या दिमतीला येऊन-जाऊन असणारे व्यभिचारी भाव ३३. भूक या यादीतही नाही, पण निद्रा आहे, श्रम आहे, आलस्य आहे. संध्याकाळी साडेसातला भोकाड पसरलेल्या मुलाला ‘कशाचं वाईट वाटलं राजा?’ असं विचारण्याआधी त्याला झोप आलीये का ते पाहावं, एवढं शहाणपण त्या यादीत आहे. अवहित्थ आहे, म्हणजे मनातलं चेहऱ्यावर उमटू न देणं. लोणच्याची बरणी फुटल्यावर चार वर्षांचं मूल ज्या तन्मयतेनं खिडकीबाहेरचं झाड बघतं, ते अवहित्थ. आणि असूया तर आहेच.

असूयेच्या बाबतीत डार्विनचा थोरला मुलगा नमुनेदार होता. बापानं त्याच्या बाळपणाची टिपणं ठेवली आणि १८७७ साली छापली. बाबा एक मोठी बाहुली कुरवाळायला लागले तेव्हा आणि तान्ह्या बहिणीचं वजन करायला लागले तेव्हा या चिरंजिवांना असूया झाली. वय सव्वा वर्षाच्या जरा पुढे. सव्वादोन वर्षांचा झाल्यावर तो, मनाविरुद्ध वागेल त्याच्यावर पुस्तकं आणि काठ्या फेकण्यात तरबेज झाला. डार्विननं हेही शांतपणे टिपून ठेवलं. फेकलेली पुस्तकं उचलली कुणी, याचा अंदाज बायका करू शकतील.

तर हे सगळं पोरांच्या आत असतंच. ते बाहेर कुठून येणार, एवढाच प्रश्न. त्यासाठी आता घरपोच संच मिळतात, आखून कापून तयार. मला ते पटत नाहीत. कापता कापता सशाचा कान तुटतो तेव्हा जो राग येतो, तोच त्या दिवशीचा माल. संचात तुटण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं, तेव्हा त्यांचं साहित्य म्हणजे आसपासची पानं, बिया, खडे, शिंपले. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आमच्याकडे शिंपले नाहीत, पण जोडीदार हरवलेले मोजे घरोघर निघतात.

त्यातल्या एका काळ्या मोज्याचा आम्ही कावळा केला. टिकल्यांचे डोळे, कार्डपेपरची चोच. काळा कार्डपेपर संपला होता म्हणून चोच लाल, त्यावरून दहा मिनिटं वाद. आणि मग एकच नियम: मुलाला काही विचारायचं नाही, कावळ्याला विचारायचं. मुलाला ‘कसं वाटतंय?’ म्हटलं की ‘छान’ येतं आणि विषय संपतो. कावळा मात्र बोलतच सुटतो. यात नवल नाही. अर्धवटराव हा बोलका बाहुला समोरच्या पाहुण्याला जे तोंडावर सुनावत आला, ते त्याला बोलवणारे यशवंत पाध्ये किंवा रामदास पाध्ये स्वतःच्या तोंडानं बोलले असते, तर पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नसतं.

गोष्ट अर्थात चिमणी-कावळ्याचीच. पाऊस येतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या दाराशी येतो. ती म्हणते थांब, बाळाला न्हाऊ घालते. मग थांब, अंग पुसते. अंगडं घालते, काजळ घालते, निजवते. ही गोष्ट सांगताना आपण मोठी माणसं मनातल्या मनात घरबांधणीवर असतो: मेण टिकतं, शेण वाहतं, आळशाचं असंच होतं. त्या शनिवारी कावळा ज्याच्या हातात होता, त्याच्या घरी नुकतीच बहीण झाली होती. मी कावळ्याला विचारलं, “भिजतोयस, कसं वाटतंय?” कावळा म्हणाला, “ती सारखी बाळाचंच करते.”

इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, पण बंद दाराबाहेर कोण उभं आहे ते मला तेव्हा दिसलं. वजनकाट्यापाशी उभा असलेला डार्विनचा पोरगाही दिसला.

न्यायला आलेल्या एका बाबांना राहवलं नाही. “पण कावळ्यानं आधीच पक्कं घर बांधायला नको होतं का?” असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. गोष्टीला तात्पर्याचं शेपूट लावल्याशिवाय काही लोकांना चैन पडत नाही. कावळ्यानं त्यांच्या कोपराला चोच मारली आणि चर्चा संपवली. भुकेच्या चेहऱ्यावाली मुलगी मात्र चिमणीच्या बाजूची निघाली. तिचं म्हणणं, चिमणी दमली असेल, ती जेवलीही नसेल. शेवटी तोडगा निघाला: कावळ्यानं आत यावं, पण बाळाशेजारी नाही, ओट्याखाली झोपावं. कावळ्याला तो मान्य नव्हता. काजळ आपल्यालाही हवं, अशी त्याची अट होती. काळ्या मोज्यावर ते कुठे दिसणार, हा मुद्दा कुणी काढला नाही. स्केचपेननं लावून दिलं.

पुढच्या शनिवारी मी पांढऱ्या मोज्याची चिमणीही करून नेली, न्याय म्हणून. कावळा व्हायला रांग लागली, चिमणी व्हायला कुणी तयार होईना. मग ती मला व्हावं लागलं. बाळाला न्हाऊ घालते म्हणेपर्यंत ठीक होतं. अंगड्यापाशी पोचले तेव्हा कावळ्यांचा धीर सुटला, आणि दार उघडायला उशीर केला म्हणून मी सगळ्यांच्या भरपूर टोच्या खाल्ल्या.