दोन दारं, पाच माणसं

मराठी माणूस टिचकी मारल्याशिवाय मडकंसुद्धा घेत नाही. त्यामुळे अमेरिकेत हवी ती गाडी आधी काही दिवस भाड्यानं आणून बघता येते हे कळल्यावर मला त्या देशाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

गाडी माझ्या भाच्याला हवी होती. निनाद न्यू जर्सीत एडिसनला राहतो. बायको गौरी, चार वर्षांची ओवी, गराजमध्ये एक होंडा ओडिसी आणि तिच्या शेजारी एक रिकामी जागा. तिथली जुनी सेडान नुकतीच गेली होती आणि आता तिथं डॉज चॅलेंजर आणायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. घरानं अजून घेतलं नव्हतं. आम्ही दोघं उन्हाळ्यात तिकडे पोचलो ते नेमके या वादाच्या मध्यावर.

गौरीनं अट घातली. "ही गाडी घरात आणायची, तर घरात जे जे रोज होतं ते सगळं तिनं करून दाखवायचं. स्टेशन, वाणसामान, देऊळ, ओवी आणि मामा-मामी." सामानाच्या यादीत आपलं नाव शेवटी का होईना आलं, म्हणून मी जरा सावरून बसलो.

स्पोर्ट्स कार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे रस्त्याला घासत जाणारी, दोन माणसं कशीबशी कोंबलेली एखादी चिमुकली गाडी येते. चॅलेंजर दारात उभी राहिली तेव्हा ही समजूत मोडली. लांबी पाच मीटर दोन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या इनोव्हा क्रिस्टापेक्षा जवळपास २९ सेंटिमीटर जास्त. रुंदी एक मीटर ९२. वजन पावणेदोन टन. इनोव्हात आपण सात जण, वर एक आजी आणि शिर्डीचा प्रसाद इतकं बसवतो. इथं एवढ्या लांबीला दारं मात्र दोन. बाकीची लांबी कुठे गेली म्हणून मी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. ती सगळी नाकात गेली होती.

रंग गडद जांभळा. कंपनीनं या रंगाचं नाव 'प्लम क्रेझी' ठेवलंय, हे निनादनं कौतुकानं सांगितलं. "वांगी रंग म्हणतात त्याला," मामी म्हणाली. "नारायण पेठेत मिळतो."

निनादच्या लेखी ही अस्सल अमेरिकन बाण्याची शेवटची गाडी. इतिहास त्याला तोंडपाठ होता. फोर्डनं १९६४ मध्ये मस्टँग आणली आणि ती धडाधड खपायला लागली. डॉजला जाग यायला उशीर झाला. त्यांची चॅलेंजर आली ती १९७० चं मॉडेल म्हणून. चार वर्षांत बंदही पडली. मग १९७८ च्या सुमाराला कंपनीनं हेच नाव मित्सुबिशीच्या एका जपानी गाडीवर चिकटवलं आणि काही वर्षं तसंच चालवलं. अखेर २००८ मध्ये खरी चॅलेंजर पुन्हा अवतरली, जुन्याच चेहऱ्याची, आणि २०२३ च्या अखेरीस निर्मिती थांबली. आणि हा अस्सल अमेरिकन बाणा इतकी वर्षं कुठे तयार होत होता? कॅनडात, ओंटारियोतल्या ब्रॅम्प्टनला.

"म्हणजे माहेर अमेरिका, मधे जपानला दिली होती, आणि शेवटी कॅनडाला नांदली," मामीनं सारांश काढला. निनाद काही बोलला नाही.

भाड्याची गाडी सहा सिलिंडरची, ३०५ अश्वशक्तीची होती. निनादला हवी होती आठ सिलिंडरची, हेमी नावाच्या इंजिनाची, ३७५ ची. त्याच्याही वर हेलकॅट नावाचा एक प्रकार निघाला होता, ७०७ अश्वशक्तीचा. त्याला म्हणे दोन किल्ल्या मिळायच्या. लाल लावली तर सगळी ताकद मोकळी, काळी लावली तर पाचशेवर लगाम.

"मग काळी लावतं कोण?" मी विचारलं.

"ज्याच्या बायकोकडे किल्ल्या असतात तो," गौरी म्हणाली.

पहिली परीक्षा स्टेशनची. निनादचं ऑफिस न्यूयॉर्कला. रोज सकाळी तो गाडीनं मेट्रोपार्क स्टेशन गाठतो, गाडी तिथं ठेवतो आणि लोकल पकडून पेन स्टेशनला जातो. पहिल्या दिवशी मीही हौसेनं शेजारी बसलो. गाडीनं एक खोल हुंकार दिला, शेजारच्या घरातला कुत्रा उठून आत गेला, आणि आम्ही दोन-चार सिग्नल ओलांडून स्टेशनाच्या पार्किंगमध्ये पोचलोसुद्धा. आता ही तीनशे पाच अश्वशक्ती संध्याकाळपर्यंत तिथं उभी राहणार. निनादच्या रोजच्या वापराचं स्वरूप हे असं होतं. पण त्याचा चेहरा इतका फुलला होता की मी विषय काढला नाही.

शनिवारी ओक ट्री रोड. एडिसन आणि आयसेलिन यांना जोडणारा हा रस्ता म्हणजे साड्या, सोनं, मिठाई, भाजी आणि पार्किंगची मारामार. बाकी अमेरिकेत जागा ओसंडून वाहते. इथं ती आपल्याकडच्यासारखी मोजून मिळते. दोन दारांच्या गाडीत एक गोष्ट आधी लक्षात येत नाही. दारं दोनच असल्यामुळे प्रत्येक दार अवाढव्य लांब असतं. शेजारी गाडी उभी असली की ते वीतभर उघडतं आणि थांबतं. वीतभर फटीतून निनाद निघाला असता. मी निघालो नसतो. मागे बसलेल्या मामीचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी तोडगा निघाला: आधी भर रस्त्यात सगळ्यांना उतरवायचं आणि मग गाडी जागेत घालायची.

भर रस्त्यात उतरवणं म्हणजे काय, ते सविस्तर सांगायला हवं. आधी मी उतरायचं. मग माझी सीट पुढे वाकवायची, पुढे सरकवायची. मग मामीनं त्या फटीतून बाहेर यायचं. यात 'आधी पाय की आधी डोकं' या प्रश्नावर आमच्यात तात्त्विक मतभेद झाले. निनाद म्हणे पाय. मी म्हणे डोकं. मामीनं दोन्ही एकदम बाहेर काढून पाहिलं आणि ती अडकली. मागे गाड्यांची रांग लागली आणि हॉर्न वाजू लागले. न्यू जर्सीत उतरल्यापासून मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. मामी अखेर बाहेर आली, पदर सारखा केला आणि मागच्या रांगेकडे वळून "झालं, झालं!" म्हणाली. निम्म्या गाड्यांतून माना डोलल्या.

वाणसामानाची परीक्षा मात्र गाडी चांगल्या गुणांनी पास झाली. डिकी ४५९ लिटरची. तांदळाची पोती, गव्हाचं पीठ, हापूसच्या नावावर विकली जाणारी आंब्यांची पेटी, सगळं गडप झालं. कडा उंच असल्यानं पोतं उचलून आत टाकावं लागतं, एवढंच. निनादनं घरी येऊन आमच्या चार बॅगाही लावून बघितल्या. दोन डिकीत नीट बसल्या, तिसरी तिरकी घालावी लागली, चौथी ओवीच्या जागेवर आली. ओवीला कुठे ठेवायचं, यावर चर्चा झाली नाही.

ओवीची कार सीट हा आणखी एक अध्याय. ओडिसीत दार सरकतं, मूल आत जातं, पट्टा लागतो, संपलं. इथं कार सीट मागे बसवायला निनादला अर्धं अंग गाडीत घालावं लागलं आणि बाहेर राहिलेल्या अर्ध्या अंगाकडे पाहून ओवी टाळ्या वाजवत होती. कंपनी या गाडीत पाच माणसं बसतात म्हणून सांगते, आणि मागे पट्टे खरोखर तीन आहेत. पाचवं माणूस कोणत्या बांध्याचं, हे कंपनीनं सांगितलेलं नाही. रविवारी ब्रिजवॉटरच्या बालाजीला जाताना गौरी कार सीट आणि मामी यांच्या मधे बसली आणि देऊळ येईपर्यंत तिनं कुणाशी वाद घातला नाही. श्वास पुरत नव्हता.

न्याय म्हणून सांगतो, मागे दोघंच असली तर पायांना जागा ठीक मिळते, आणि हे मामीनंही मान्य केलं. तिची तक्रार दुसरीच होती. मागच्या काचा लहान, त्या उघडत नाहीत, आणि मागचे खांब इतके जाड की बसलेल्याला बाहेरचं काही दिसत नाही. त्यामुळे मामीनं अमेरिका पाहिली कमी आणि माझ्या तोंडून ऐकली जास्त. "डावीकडे नदी आली." "बरं." "आता जंगल आहे." "बरं." जाड खांबांचा जाच चालवणाऱ्यालाही होतो. लेन बदलताना निनाद सवयीनं विचारी, "मामी, मागून कुणी येतंय का?" ती म्हणे, "मला विचारतोस? मला तर पुढचंही दिसत नाही."

बालाजीहून परतताना पेट्रोल भरलं. न्यू जर्सीत स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्यानं बंदी आहे आणि आता सगळ्या देशात असं हे एकटंच राज्य उरलंय. त्यामुळे गाडीतून न उतरता आपल्याकडच्यासारखं 'टाकी फुल' म्हणता येतं, आणि मागच्या सीटवर मामी असली की ही सोय फार मोलाची वाटते. पंपावरच्या मुलानं गाडीला हात लावून "ब्यूटिफुल" म्हटलं. सिग्नलला शेजारचा ट्रकवाला अंगठा दाखवून गेला होता. देवळाच्या कॅन्टीनमध्ये डोसा खाणाऱ्या दोन मुलांनी फोटो काढले होते. कुणीही 'ॲव्हरेज किती देते?' असं विचारलं नाही. म्हणून मीच विचारलं. सरकारी आकड्यांप्रमाणे सहा सिलिंडरची शहरात लिटरला आठ किलोमीटर आणि हायवेला पावणेतेरा. निनादच्या आवडीची आठ सिलिंडरची शहरात सातसुद्धा नाही, हायवेला साडेदहा. टाकी सत्तर लिटरची. मी मनातल्या मनात हे पुण्याच्या भावानं गुणलं आणि बाहेर बघत बसलो.

मग आम्ही डेलावेअर वॉटर गॅपला गेलो. एडिसनहून शंभरेक किलोमीटर, आधी २८७ नंबरचा हायवे, मग पश्चिमेला ८० नंबरचा. तिथं डेलावेअर नदी डोंगराची भिंत कापून आरपार निघते. अलीकडे न्यू जर्सी, पलीकडे पेनसिल्व्हेनिया. वाटेत गाडीचं खरं रूप दिसलं. हायवेला लागताना निनादनं पाय दाबला आणि माझी पाठ सीटला जाऊन टेकली.

"काय झालं?" मागून मामी.

"काही नाही. हायवेला लागलो."

त्यानंतर गाडी इतकी शांत झाली की मला शंका आली. आठवा गीअर पडल्यावर इंजिन जेमतेम जागं असतं. वजनदार असल्यामुळे ती शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्यानं हलत नाही. सीट रुंद, पाय लांबवायला ऐसपैस जागा, गारवा उत्तम. लहान स्पोर्ट्स कारमध्ये दोन तासांत कंबर बोलायला लागते म्हणतात. इथं कंबर झोपली होती. मामीसुद्धा झोपली. चालवणाऱ्यासाठी आणि त्याच्या शेजाऱ्यासाठी यापेक्षा बरी प्रवासी गाडी मी पाहिलेली नाही, हे कबूल करायला हवं.

परतीला गौरीनं किल्ली मागितली. "मलाही बघू दे, नाही म्हणण्याआधी." पहिले काही मैल ती गंभीर होती. मग तिनं एका ट्रकला मागे टाकलं. मग दुसऱ्याला, खरं म्हणजे गरज नसताना. आमचा फाटा आला आणि गेला.

"गौरी, एक्झिट," निनाद म्हणाला.

"पुढच्यानं जाऊ," गौरी म्हणाली, आणि तिनं रेडिओ बंद केला. इंजिन ऐकू यावं म्हणून.

रात्री जेवणानंतर निकाल लागायचा होता. निनादनं बाजू मांडली. गौरीनं शांतपणे एकच प्रश्न विचारला: बर्फात काय? ही गाडी मागच्या चाकांवर चालते, आणि जानेवारीत एडिसनच्या रस्त्यांवर मागच्या चाकांना फारसं विचारत नाहीत. चारही चाकांना जोर देणारी चॅलेंजर २०१७ पासून मिळायची, पण ती फक्त सहा सिलिंडरच्या इंजिनाबरोबर. म्हणजे निनादला हवं ते इंजिन घेतलं तर हिवाळ्यात गाडी घरी, आणि हिवाळ्यात चालेल ती घेतली तर निनादचं इंजिन नाही. त्यात ती दिवसभर स्टेशनात उभी.

"मग नकोच का?" निनादचा आवाज पडला.

"तुला नको," गौरी म्हणाली. "मला घेऊ."

मग तिनं हिशोब मांडला. रोज रूट वनवरून प्रिन्सटनला जाऊन-येऊन गाडी चालवते ती. एकटी. मागे कुणी बसत नाही, डिकीत एक लॅपटॉप. रोजचा प्रवास म्हणतात तो घरात फक्त तिचा आहे. निनादला स्टेशनपर्यंत जायला ओडिसी पुरते, आणि वाटेत ओवीची शाळाही लागते. मामी म्हणाली, "अगदी बरोबर बोलतेयस." ती त्या गाडीत पुन्हा बसणार नव्हती, म्हणून तिला हे बोलणं सोपं गेलं.

सध्या गौरी वापरलेली, सहा सिलिंडरची, चारही चाकांवर चालणारी चॅलेंजर शोधते आहे. निनाद रोज सकाळी ओवीला शाळेत सोडून ओडिसीनं मेट्रोपार्कला जातो. वांगी रंगाचीच मिळावी, यावर मात्र घरात एकमत आहे.

तुम्ही कधी तिकडे जाणार असाल आणि विमानतळावर तुम्हाला न्यायला कुणी येणार असेल, तर बॅगा किती न्यायच्या हे विचारण्याआधी येणाऱ्या गाडीला दारं किती, तेवढं विचारून घ्या.