उमेदवार चाळिशीच्या आत हवा

‘युवा माजी विद्यार्थी गौरव पुरस्कारा’साठी नाव सुचवणं हे वधूवर सूचक मंडळात नाव नोंदवण्यापेक्षा अवघड काम आहे. तिथे निदान मुलाला लग्न करायचं असतं. इथे ज्याचा गौरव व्हायचा त्याला त्याचा पत्ताच नसतो आणि फोन करून कळवलं की तो आधी विचारतो, “किती भरायचे?” तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या निवड समितीवर मी सात वर्षं आहे. पुढचं मार्गदर्शन त्या अनुभवातून आलेलं असल्याने त्याला आव्हान देता येणार नाही.

सुरुवात वयापासून करावी. १ जून रोजी उमेदवाराला ४० वर्षं पूर्ण झालेली नसावीत, अशी आमच्याकडे अट आहे. ज्याने ही तारीख घातली त्याने महाराष्ट्रातली शाळा आतून पाहिली नसावी. आमच्या भागातली निम्मी पिढी १ जूनलाच जन्मली. आईला आठवत होतं ते ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी, पाऊस लागला होता’ एवढंच. गुरुजींनी रकान्यात १ जून टाकून विषय मिटवला. त्यामुळे दर वर्षी पाचसहा कर्तबगार माणसं एकाच सकाळी, चहाच्या आत, चाळिशी गाठून बाद होतात. आधी दाखला पाहावा, मग कर्तृत्व.

उमेदवार मुलगी असेल तर दाखला सापडणं हेच कर्तृत्व. रजिस्टरमध्ये ती माहेरच्या नावाने, फेसबुकवर सासरच्या, तिच्या शोधनिबंधांवर दोन्ही आडनावं जोडून. राजपत्रातली नावबदलाची प्रत मागितली की ती पुढचा फोन उचलत नाही. मग समिती खेदाने नोंद करते की मुलींमधून प्रस्ताव येत नाहीत.

आता कर्तृत्व. ते किलोमीटरमध्ये मोजतात. हिंजवडीला पोचलेला ‘यशस्वी’, बंगळुरूचा ‘उल्लेखनीय’, न्यू जर्सीचा म्हणजे ‘महाविद्यालयाचा मानबिंदू’. तिथे तो नेमकं काय करतो हे विचारायची पद्धत नाही. मात्र त्याची कंपनी भारतातही असेल तर तिचा सीएसआर कुठे जातो, हे आमचे खजिनदार जरूर विचारतात. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले, तेव्हापासून आमच्या गौरवसमारंभांत एकदम जिव्हाळा आला.

दुसरी निकड नॅकची, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या परिषदेची. ज्या तक्त्यावर आमची महाविद्यालयं वर्षानुवर्षं घासली गेली, त्यात एक हजार गुणांपैकी माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला दहा. दहाच. पण या दहांसाठी संघ नोंदणीकृत हवा, त्याने दिलेले पैसे लाखांत दाखवायला हवेत आणि मेळाव्याचे फोटो हवेत. फोटोत कुणीतरी शाल पांघरून उभं असावं लागतं. पुरस्काराचा जन्म असा झाला. बाकीचं तत्त्वज्ञान आम्ही नंतर प्रास्ताविकात बसवलं.

शिफारसपत्र हा खरा कौशल्याचा भाग. अर्ज उमेदवाराने स्वतः करू नये असा नियम असल्यामुळे तो उमेदवार स्वतः लिहितो आणि जुन्या सरांची सही घेतो. सर चष्मा न लावता सही करतात. तिसऱ्या परिच्छेदात ‘त्यांनी’चं अचानक ‘मी’ होतं, तिथे असे अर्ज पकडता येतात. ‘गरुडझेप’ एकदाच वापरावी. ‘प्रतिकूल परिस्थिती’ मात्र किमान दोन ओळी हवी. वडील सरकारी नोकरीत असतील तर आजोबांपर्यंत मागे जावं. तिथे कुणाकडेही थोडीफार गरिबी निघते.

होतकरूंना सराव व्हावा म्हणून एक नमुना अर्ज भरून दाखवतो. समजा साल १८९४ आहे आणि डेक्कन कॉलेजला आपला युवा माजी विद्यार्थी निवडायचा आहे. उमेदवार : गोपाळ गणेश आगरकर, जन्म १८५६, मु. टेंभू, कऱ्हाडजवळ. वय ३८, म्हणजे पात्र. शिक्षण एम.ए. प्रतिकूल परिस्थिती अस्सल. आजोबांपर्यंत जावं लागत नाही. कार्य : ‘केसरी’चे पहिले संपादक, डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, १८८८पासून ‘सुधारक’, १८९२पासून फर्ग्युसनचे प्राचार्य. (त्यांच्या आधीचे प्राचार्य, कोशकार वामन शिवराम आपटे, पदावर असतानाच वयाच्या ३४व्या वर्षी गेले. त्या काळी लोक युवा गटातच सगळं उरकत.)

इथवर उत्तम. आता रकाना सात, सध्याचं वार्षिक उत्पन्न. एम.ए. होऊन गलेलठ्ठ नोकरी धरायची नाही असं यांनी आधीच ठरवलेलं, त्यामुळे देणगीची शक्यता शून्य. रकाना नऊ, ‘उमेदवारास कधी शिक्षा झाली आहे काय?’ झाली आहे. १८८२ साली, कोल्हापूर प्रकरणी, टिळकांबरोबर, डोंगरीचा तुरुंग, १०१ दिवस. लपवायचीही सोय नाही, कारण त्यावर उमेदवाराने पुस्तकच लिहिलंय. रकाना अकरा, समाजातील प्रतिमा. सनातन्यांनी पुण्यात यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढलेली. गर्दी जमवण्याची क्षमता म्हणून हे दाखवता येईल, पण अध्यक्ष बिथरतील. रकाना बारा, वास्तव्य : पुणे. किलोमीटर जवळजवळ काहीच नाही.

अशा वेळी समितीचा शेरा ठरलेला असतो : ‘उमेदवार गुणी आहे. पुढील वर्षी अवश्य विचार व्हावा.’ आगरकर जून १८९५मध्ये वारले. चाळिशीला अजून वर्ष शिल्लक होतं.

हा शेरा मी स्वतः दोनदा लिहिलाय, आणि दोन्ही वेळा एकाच अर्जावर. आमच्याकडून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेला एक मुलगा गावातच मोटारी भरतो. ऐन एप्रिलमध्ये विहिरीवरची मोटार जळली की पंचक्रोशी त्याच्याकडे धावते. रात्री तांब्याची तार गुंडाळत बसतो आणि सकाळी पाणी चालू करून देतो. महाविद्यालयापासून अंतर ०.८ किलोमीटर. त्याचं नाव सूचक म्हणून मीच घातलं होतं. चर्चा झाली. तो लायक आहे यावर सगळ्यांचं एकमत झालं. अडचण एवढीच निघाली की समारंभाच्या दिवशी जनरेटर तोच सांभाळतो; तो स्टेजवर आला तर जनरेटरपाशी कोण? याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या वर्षीही नव्हतं. सचिव म्हणून शेरा मलाच लिहायचा होता.

समारंभ डिसेंबरात ठेवावा, कारण न्यू जर्सीवाले नाताळच्या सुट्टीतच येतात. आले नाहीत तर पुरस्कार वडील स्वीकारतात. त्यांना आदल्या दिवशी फोन करून रक्तदाब विचारून घ्यावा, पायऱ्यांपाशी एक स्वयंसेवक ठेवावा आणि व्हिडिओ कॉल लावण्यासाठी दुसरा. कॉल लागत नाही. लागला तर तिकडे पहाट असते आणि मानबिंदू अंधारात दिसतो.

गेल्या वर्षी असेच वडील होते. शाल घेतली, श्रीफळ घेतलं, मानपत्र हातात धरून फोटो झाला. अध्यक्ष माईककडे वळले तसे ते माझ्या कानाशी आले. म्हणाले, “जनरेटरपाशी बसलाय तो आमची मोटार भरतो तोच ना? त्याला म्हणावं, जाऊ नको. माझं जरा काम आहे त्याच्याकडे.”