सल्ला फुकट, कोर्ट नाही

टेनिसचा चेंडू पातूरच्या पोट्ट्यांना चांगला ओळखतो, टेनिस मात्र ओळखत नाही. चेंडू इथे बॅटने बडवायचा असतो आणि शिकवायला मैदानाच्या कडेला दहाजण फुकट हजर असतात: “काहून बे, पाय हालव ना!”

खऱ्या टेनिसला ७८ फूट लांब कोर्ट, मधोमध ३ फुटांची जाळी आणि पगारी प्रशिक्षक लागतो. गौरव नाटेकरने १९९४ साली, ऋतुजा भोसलेने २०२३ साली आशियाई स्पर्धेत दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. आपण टाळ्या वाजवल्या. पण नीटच्या क्लासला पोरगं अकोल्याला धाडणारा बाप खेळाची फी ऐकताच विचारतो, “त्याच्यात नौकरी कुठी हाय बाप्पा?”

साहेब, तालुक्याला एक कोर्ट अन् एक प्रशिक्षक द्या. सल्लागार आमच्याकडे पुष्कळ आहेत.