वाढत्या मापाचा कोरडेपणा

समुद्रात उतरायचं, माशांच्या वस्तीत पाहुण्यासारखं हिंडायचं आणि वर आल्यावर आतला सदरा मात्र कोरडा ठणठणीत हवा, अशी ज्याची अपेक्षा, त्या माणसासाठी ड्रायसूट नावाचा पोशाख निघाला आहे. पाण्यात असून पाण्याला शिवू न देण्याची विद्या आपल्याकडे कमळाच्या पानाचा दाखला देऊन शिकवतात आणि ती अंगी यायला जन्म अपुरा पडतो म्हणतात. दुकानात तीच हजार-दीड हजार पौंडांना हँगरवर टांगलेली असते. मालवणच्या माझ्या मामाला मी हे फोनवर समजावून सांगत होतो. मामाचं बालपण खडकांवरची कालवं काढण्यात गेलेलं. पाण्यात जायचं तर कमरेला लंगोटी आणि फार तर गळ्यात ताईत. त्याने सगळं निमूट ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाण्यात जातलंस, पण भिजूचा नाय? मगे जातंस कित्याक?” प्रश्न इतका सरळ होता की मी मांदेलीच्या भावाकडे विषय वळवला.

मामाचा समुद्र बारा महिने कोमट. तारकर्लीला पर्यटक टीशर्टवर पाण्यात उतरतात आणि वर येऊन थंडगार सोलकढी मागतात. आम्ही राहतो ते लेस्टरशायरमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या बेंबीत, जिथून समुद्र सगळ्याच बाजूंनी लांब. इथल्या डायव्हरांचं तीर्थ म्हणजे स्टोनी कोव्ह. मुळात ही ग्रॅनाइटची खाण. 1958 साली काम थांबलं, उपसा बंद झाला आणि झऱ्यांनी आपली जागा परत घेतली. आता तिथे सुमारे 35 मीटर खोल पाणी आहे. खाली पाहण्याजोगं काही असावं म्हणून 2000 साली ‘स्टेनगार्थ’ नावाची एक टग बोट त्यात मुद्दाम बुडवली. ज्या देशाने शतकानुशतकं जगभरच्या समुद्रांवर बोटी तरंगत ठेवल्या, त्याने घरच्या खाणीत एखादी हौसेने बुडवावी, यात मला म्हातारपणीच्या शहाणपणाची छटा दिसते. हिवाळ्यात हे पाणी चार-पाच अंशांवर येतं. वेटसूटमध्ये पाण्याचा पातळ थर आत शिरतो आणि अंगाच्या उबेवर तापतो. पण पाणी हवेच्या जवळजवळ 25 पट वेगाने ऊब पळवतं, आणि चार अंशांच्या पाण्यापुढे आपल्या अंगाची श्रीमंती किती पुरणार? आइसलंडच्या थिंगवेल्लिर राष्ट्रीय उद्यानातल्या सिल्फ्रा या भेगेत तर पाणी बाराही महिने 2 ते 4 अंश. हिमनदीचं ते पाणी लाव्हाच्या खडकांतून कित्येक दशकं गाळत गाळत येतं, म्हणून नजर शंभर मीटरपर्यंत पोचते. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट तिथे वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर या गतीने एकमेकांचा निरोप घेताहेत, आणि त्या लांबलेल्या निरोपाच्या फटीतून माणसं ड्रायसूट घालून तरंगत जातात.

कोरडं राहण्याची ही हौस जुनी आहे. फिनलंडमधल्या राहे या बंदरगावच्या संग्रहालयात अठराव्या शतकातला एक पाणबुड्याचा पोशाख आहे. आज शिल्लक असलेल्यांत तोच सर्वांत जुना मानतात. वासराच्या कातड्याचा, शिवणींना डांबर फासलेला, डोक्यावर हवेसाठी नळी, आणि आत शिरायला पोटावरच एक तोंड. माणूस आत गेला की ते तोंड गुंडाळून घट्ट बांधायचं. गावकरी त्याला आदराने ‘म्हातारबुवा’ म्हणतात. 1988 साली त्याची हुबेहूब प्रतिकृती शिवून माणसाने पाण्यात उतरूनही पाहिलं. मला राहून राहून तो पहिला गृहस्थ दिसतो. डांबराच्या वासात, वासराच्या कातड्यात, काचेमागे डोळे मोठे करून उभा, आणि काठावरची मंडळी विचारताहेत, “काय, बरं वाटतंय ना?” पुढे 1823 साली चार्ल्स मॅकिन्टॉशने दोन कापडांच्या मध्ये रबर बसवण्याचं पेटंट घेतलं, लंडनच्या ऑगस्टस सीबने अशा जलरोधक कापडाच्या पोशाखाला तांब्याचं शिरस्त्राण जोडलं, आणि आज ज्याला ट्रायलॅमिनेट म्हणतात त्याच्या पोटातही दोन कापडं आणि मध्ये रबर हाच संसार आहे. दोनशे वर्षांत बदललं ते एवढंच की दुकानदार आता “बरं वाटतंय ना” हे खरोखरच विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो.

दुकानात गेल्यावर कळतं की ड्रायसूटचे मुख्य स्वभाव दोन. पहिला निओप्रीनचा. तो अंगावर चढताच बिलगतो, हात उचलला की सोबत ताणला जातो, स्वतःची ऊबही देतो. पहिल्या भेटीत कोणीही त्याच्याच प्रेमात पडावं. पण त्याची सगळी माया त्याच्यात कोंडलेल्या बारीक बुडबुड्यांत असते. जसजसं खोल जावं तसतसे ते दबतात, सूट पातळ होतो आणि ज्या घटकेला थंडी वाढते नेमकी त्याच घटकेला तो उबेचा हात आखडता घेतो. दुसरा ट्रायलॅमिनेटचा. हा कोरडा, थोडा कुरकुरणारा, हाताला परक्या गावच्या पोस्टमास्तरसारखा लागतो. याचा साधा प्रकार ताणत नाही, स्वतःची ऊबही त्याच्यापाशी नाही. ती तुम्ही आतून जाड लोकरीची किंवा थिन्सुलेटची घालून न्यायची. पण वर जसा, तसाच तो तीस मीटरवर. मग याला लवचीक का म्हणतात, हे मला सुरुवातीला उमगेना. उत्तर त्याच्या कमरेशी होतं. तिथे कापडाची एक जादा घडी असते, दोन पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याने धरून ठेवलेली. माणूस वाकला की घडी उलगडते, ताठ झाला की पुन्हा मिटते. म्हणजे तो ताणत नाही, जागा सोडून ठेवतो. तुम्ही वाकाल, कधीतरी वाकाल, हे त्याने आधीच धरलेलं असतं. माझ्या ओळखीत काही माणसं अशी आहेत. ती गळ्यात पडत नाहीत, वाढदिवस विसरतात, पण आपण अडचणीत वाकलो की त्यांच्यात एक घडी गुपचूप उलगडते.

मात्र जागा किती सोडावी याचंही तारतम्य हवं. सूट ढगळ झाला की आतली हवा रिकामटेकड्या माणसासारखी इकडून तिकडे भटकते आणि पाणी त्या ढगळपणाला धरून मागे ओढतं. घट्ट झाला तर खांदे जखडतात. म्हणून सूट नेहमी आतल्या जाड कपड्यांवर घालून बघायचा, आणि महिना जुलैचा असला तर घामाघूम होऊन बघायचा. दुकानातला पोरगा फार सौम्य होता. त्याने मला उकिडवं बसवलं, एक पाय बाकावर ठेवायला लावला, दोन्ही हातांनी स्वतःलाच मिठी मारायला सांगितली. मग म्हणाला, आता हात मानेमागे न्या. सिलिंडरचा व्हॉल्व्ह तिथे असेल, तो बोटांना लागतोय असं समजा आणि फिरवा. मी डोळे मिटून हवेतला व्हॉल्व्ह फिरवत असताना पडद्याआडून बायको म्हणाली, “आता आलाच आहेस तर बारा सूर्यनमस्कार पण घालून टाक.” पण कसोटी तीच. आरशात तुम्ही कसे दिसता याला अर्थ नाही, कारण सगळेच आपण प्रवासी बॅगेसारखे दिसतो. संकटात स्वतःच्या मानेमागे हात पोचतो की नाही, एवढंच पाहायचं.

खरी परीक्षा गळ्याची. मनगटांना आणि गळ्याला लॅटेक्स, सिलिकोन नाहीतर निओप्रीनचा सील असतो; पाण्याला अडवणारा दरवान तोच. लॅटेक्स पातळ आणि मानी. नखं, बांगड्या, कानातले, कशाचाही ओरखडा त्याला सोसत नाही. बायको मंगळसूत्र काढून माझ्या हातात देते आणि मी ते खिशात टाकायला जातो तर त्या पोशाखाला खिसा असतो तो नेमका मांडीवर, बाहेरच्या बाजूला, पाण्याचा. मग ते गाडीत, चष्म्याच्या डबीत. आत बिनवासाची पावडर भुरभुरवायची, सील दोन्ही हातांनी फाकवायचा आणि डोकं घालायचं. क्षणभर सगळं काळं होतं, कान दुमडतात, नाक गालावर येतं, आणि मग माणूस पलीकडे निघतो तो केस विस्कटलेला, चेहरा लाल, जगावर किंचित रुसलेला. नवजात अर्भकांचं रडणं मला तेव्हापासून रास्त वाटतं. नवा सील फार आवळत असेल तर काही जण तो रात्रभर मोठ्या पातेल्यावर चढवून ठेवतात, काही जण कात्रीने एकेक कडं कमी करत जातात. हे कापणं धीराने करायचं. फार आवळला तर मानेतल्या धमन्या दाबून भोवळ येते, जास्त कापला तर पाणी आत. गळ्याशी किती जवळीक सोसते हे ज्याला बरोबर ठरवता आलं, त्याने निम्मा संसार जिंकला असं मी म्हणेन, पण बायको हे वाचणार आहे.

चेनीवरून आमचा मतभेद झालाच. काही सुटांना चेन पाठीवर असते, एका खांद्याकडून दुसऱ्याकडे. ती स्वतःला लावता येत नाही. काहींना छातीवरून तिरपी जाते. ती ज्याची त्याला लावता येते. बायकोने दुसरी निवडली. “तू येऊन चेन लावशील म्हणून वाऱ्यात कुडकुडत उभी राहू काय मी?” मी पाठीवरचीच म्हणालो. कारण विचारल्यावर मी टिकाऊपणा, खर्च असं काहीबाही सांगितलं. खरं कारण 1839 सालचं आहे. त्या वर्षी कर्नल चार्ल्स पासली याने ‘रॉयल जॉर्ज’ या बुडालेल्या युद्धनौकेवर सीबचे पोशाख घातलेले पाणबुडे उतरवायला घेतले. त्याच मोहिमेत त्याने त्यांना जोडीने काम करायचा हुकूम दिला, आणि पाण्याखाली एकट्याने जायचं नाही या नियमाची पहिली नोंद तिथली मानतात. पाठीवरची चेन हा त्या हुकुमाचा पितळी अवशेष आहे असं मला वाटतं. चेन जवळजवळ पूर्ण लागते आणि शेवटचा अर्धा इंच उरतो. पाणी शिरतं ते तिथूनच. बायको दातांवरून मेणाचा तुकडा फिरवते, गुडघा माझ्या कमरेला टेकवून चेन ओढते, टोकाशी अंगठा दाबून खात्री करते आणि खांद्यावर दोन थापा मारते. समोरच्या चेनीत हे काहीच मिळत नाही.

खाली गेलं की आणखी एक गंमत. बॉइलने 1662 साली सांगितलेला हवेचा नियम शाळेत पाठ केला होता. तो अंगावर कळतो तो इथे. दहा मीटरवर सुटातली हवा निम्म्या जागेत मावते आणि कापड चहूकडून चिमटे काढू लागतं. छातीवरचं बटण दाबलं की सिलिंडरमधली थोडी हवा आत येते आणि चिमटा सुटतो. वर येताना तीच हवा फुगते, ती डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायची. नाहीतर ती पायांकडे पळते आणि माणूस उलटा, तळवे आभाळाकडे करून वर निघतो. निसर्गाच्या हाकेसाठीही एक निराळा व्हॉल्व्ह बसवून मिळतो. त्याचं वर्णन मामाला फोनवर करायचं धाडस मी केलेलं नाही. पण या सगळ्यातून एक कळतं. दबावातही सुखाने राहायचं असेल तर आपल्या आणि जगाच्या मध्ये हवेचा एक पातळ थर हवा, आणि तो दर काही मीटरला पुन्हा भरावा लागतो.

तयार मापं आम्हाला बसेनात. ती उंच, लांब पायांच्या माणसांसाठी बेतलेली; आमची कोकणी ठेवण त्यात गुडघ्यापाशी गोळा व्हायची. तेव्हा मापाने शिवून घ्यायचं ठरलं. दोन पानी फॉर्म आला आणि बायको इंच-टेप घेऊन माझ्याभोवती फिरू लागली. मला आमचे लहानपणचे शिंपी आठवले. जूनच्या तोंडावर गणवेश टाकायला गेलं की वडील एकच सूचना देत, “वाढत्या अंगाचं ठेवा.” शिंपी आत दोन बोटं कापड दुमडून ठेवीत. वर्षभराने दुमड उसवली की विटलेल्या चड्डीच्या कडेला गडद निळी पट्टी निघे, आणि वर्गात सगळ्यांना कळे की हा वाढला. वडिलांची मिळकत बेताची होती, पण माझ्या उंचीवर त्यांनी दर वर्षी दोन बोटं आगाऊ विश्वास ठेवला.

फॉर्मच्या शेवटी ‘विशेष सूचना’ असा रकाना होता. मी लिहिलं, थोडी जागा जास्त ठेवावी. बायकोने चष्म्यावरून पाहिलं. “या वयात आता काय वाढणार तुझं?” मी काही बोललो नाही. तिने पेन माझ्या हातातून घेतलं आणि पोटाचे सेंटीमीटर स्वतःच्या हिशेबाने वाढवले. मग थोडा विचार करून गुडघ्यांचेही, कारण पुढे त्यांना पट्टा बांधावा लागेल म्हणाली. स्वतःच्या फॉर्मवरही तेवढेच वाढवले, मोठ्या हौसेने सही केली आणि दुकानातल्या पोराला फोन लावून विचारलं, दोन्ही सूट मिळून किती वर्षं टिकतील?